अजून थोडं मागे

हिलाल पाटील आणि मगन चौधरी जळगावच्या पिंप्राळ्यात एकाच खोलीत राहत आणि त्याच गल्लीच्या तोंडाशी तोतारामभाऊ नेहेत्यांच्या कंपनीत कामाला जात. कंपनी म्हणजे पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलं थरथरत आणि कीबोर्डवर पिठाची पूड बसे. तोतारामभाऊ मूळचे सावद्याचे. घरचा केळीचा धंदा भावांवर सोडून ते कॉम्प्युटरमध्ये उतरले होते. चार-पाच वर्षं शाळांना निकालपत्रकांचे प्रोग्रॅम विकल्यावर, अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याला त्यांना मुंबईचं एक मोठं काम मिळालं.

मुंबईची एक कंपनी परदेशातून मोबाइल फोन आणणार होती. जळगावात तेव्हा मोबाइल मोजक्या डॉक्टरांच्या आणि बिल्डरांच्या कमरेला दिसे, आणि तोही फक्त बोलायला. या नव्या फोनवर इंटरनेटची पानं वाचता यावीत अशी त्या कंपनीची इच्छा होती. त्यासाठी लागणारा ब्राउझर तोतारामभाऊंनी चार महिन्यांत करून द्यायचा होता.

"चार महिन्यांत दोन माणसांनी?" मगन म्हणाला होता.

"सगळा आपणच कशाला लिहायचा?" हिलाल म्हणाला. "लिहिलेला आहे. जगाला वाचायला उघडा ठेवलाय."

त्याने शोधून काढलेला ब्राउझर साधा होता. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. वीस-पंचवीस जणांनी मिळून तो लिहिला होता आणि फिनलंडमधला यारी नावाचा एक शाळामास्तर तो सांभाळत होता. कोणीही घ्यावा, हवा तसा बदलावा. अट एवढीच, की लिहिणाऱ्यांची नावं पुसायची नाहीत आणि जी सुधारणा कराल ती परत सगळ्यांना द्यायची. त्या मास्तराचं नाव यारी आहे याचं हिलालला भारी कौतुक. "आईबापांनी काय नाव ठेवलंय बघ," तो मगनला म्हणे, "याच्याशी कोण भांडेल?"

काम मात्र जिकिरीचं होतं. तो ब्राउझर कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी केलेला, पंचवीस ओळींचा. फोनच्या पडद्यावर पाच ओळी, ओळीत सोळा अक्षरं, आणि आतली जागा एवढीशी की निम्मा प्रोग्रॅमही मावेना. हिलाल रोज काही तरी कापायचा आणि काही तरी नव्याने शिवायचा. आडवे तक्ते त्याने उभे करून ओळीखाली ओळ आणले. फोनला माउस कुठला? म्हणून पानावरच्या प्रत्येक दुव्याला त्याने आकडा दिला. तीन दाबलं की तिसऱ्या दुव्यावर जायचं. अशा प्रत्येक सुधारणेला तो ठिगळ म्हणे. आठवड्याची ठिगळं जमली की इंटरनेटसाठी नाशिकचा नंबर लावून, मोडेमची किंचाळी ऐकत तो ती यारीला धाडून देई. नोव्हेंबरात यारीने लिहिणाऱ्यांच्या यादीत एक नाव वाढवलं: हिलाल पाटील, सोनगीर. जळगाव नाही, सोनगीर. हिलालनेच तसं कळवलं होतं.

मगनकडे तपासणीचं काम. फोन हातात धरायचा, बटणं दाबायची, कुठे अडकतंय ते वहीत लिहायचं. हिलालएवढी आपली बुद्धी चालत नाही हे त्याला ठाऊक होतं आणि त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही.

जानेवारीत एकच दुखणं उरलं. पान अर्धं आलेलं असताना सिग्नल गेला की ब्राउझर तिथेच मरे. फोन बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागे. हिलालने त्यावर उपाय लिहिला: आलेलं अर्धं पान जपून ठेवायचं आणि सिग्नल परतला की फक्त उरलेलं मागायचं. पण ते तपासायचं कसं? पिंप्राळ्यात सिग्नल होता तो होताच, जात नव्हता.

"आमच्या किल्ल्यावर जाऊ," हिलाल म्हणाला. "हायवेला नवा टॉवर झालाय. किल्ल्यावर धुळ्याच्या अंगाला उभं राहिलं की सिग्नलच्या दोन कांड्या दिसतात, चार पावलं सरकलं की एकही नाही. दिवाळीत बघून ठेवलंय."

मुंबईला एक फेब्रुवारीला फोन दाखवायचा होता. सव्वीस जानेवारीची सुट्टी होती, तेवढाच दिवस मोकळा. फोन ऑफिसबाहेर न्यायला तोतारामभाऊ आधी तयार नव्हते, कारण तो नमुन्याचा, सरकारची मान्यता अजून न मिळालेला. शेवटी त्यांनीच तो रुमालात गुंडाळून मगनच्या हाती दिला. "जपून," एवढंच म्हणाले.

सोनगीरला सकाळी नऊला उतरले. हिलालच्या घरी त्याच्या आईने, भिकुबाईने, कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. वाढता वाढता तिने विषय काढलाच. कापडण्याला तिचा भाऊ मोतीलाल. त्याची मुलगी ताईबाई हिलालला करायची हे तिने मनात पक्कं केलं होतं. "या आखाजीले उरकी टाकू," ती म्हणाली, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. हिलाल हसला. "माय, आधी मुंबईनं काम होऊ दे." हिलालचे वडील, सुकदेव आबा, बैलाला पाणी पाजत होते. ते मध्ये पडले नाहीत.

किल्ला गावाला लागूनच. हिलाल चपला हातात घेऊन चढला. लहानपणापासून त्याचा पाय या वाटेला सरावलेला. वर तटाची बरीच पडझड झालेली, कुठे छातीइतकी भिंत, कुठे नुसता दगडांचा कठडा. त्याने जागा दाखवली. मगन वही, घड्याळ घेऊन एका चौथऱ्यावर बसला. हिलाल फोन घेऊन तटाच्या कडेने मागे-पुढे चालू लागला.

पहिल्या वेळी ब्राउझर मेला. हिलालने तिथेच बसून, ऑफिसचा लॅपटॉप मांडीवर घेऊन दोन ओळी बदलल्या आणि वायर जोडून नवा प्रोग्रॅम फोनमध्ये घातला. दुसऱ्या वेळी पान परत आलं, पण पहिल्या ओळी दुबार उमटल्या. पुन्हा बदल. असं करता करता दुपारचा एक वाजला. उन्हात मगनचं डोकं ठणकायला लागलं होतं. त्याला हे एकदाचं संपायला हवं होतं.

"आता बघ," हिलाल म्हणाला. तो मगनकडे तोंड करून, नजर फोनच्या पडद्यावर ठेवून उभा होता. "आठ ओळी आल्या. सिग्नल आहे अजून."

"मग मागे सरक."

हिलाल दोन पावलं मागे सरला. "एक कांडी आहे."

मगन घड्याळ बघत होता. मान वर न करता तो म्हणाला, "अजून थोडं मागे."

"गेला सिग्नल," हिलाल म्हणाला. मगनने वेळ लिहिली. एक वाजून अकरा मिनिटं. मग दगड घरंगळल्याचा आवाज आला आणि त्याने वर पाहिलं तर समोर कोणी नव्हतं.

तो धावत कडेला गेला, वळसा घालून, बसत-घसरत खाली उतरला. हिलाल दोन खडकांच्या मध्ये पडला होता. डोळे उघडे होते, पण त्यात काही नव्हतं. मगनने नाकाशी हात धरला, छातीला कान लावला. हाताच्या अंतरावर फोन पडला होता. मगनने तो उचलला, रुमालात गुंडाळला, खिशात घातला. त्यानंतर त्याने गावाच्या दिशेने हाका मारायला सुरुवात केली. हा क्रम पुढे कितीतरी दिवस त्याच्या डोक्यातून गेला नाही. आधी फोन, मग हाका.

तोतारामभाऊ संध्याकाळी धुळ्याच्या दवाखान्यात पोहोचले. शवागाराच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून ते रडले. ते रडणं खरं होतं, मगनला त्याची शंका कधी आली नाही. नंतर ते तोंड धुऊन आले आणि त्याच्याशेजारी बाकावर बसले.

"पोलिसांनी विचारलं तुला?"

"उद्या सकाळी बोलावलंय."

"सुट्टी होती," तोतारामभाऊ म्हणाले. "मित्राच्या गावी गेला होतास, किल्ला बघायला. यात खोटं काय आहे?"

मगनचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला.

"फोनला मान्यता नाही. पोलिसांच्या हातात गेला तर तो गेला, काम गेलं, आणि त्याने रात्रंदिवस मर मर मरून केलेलं तेही गेलं. कामावर असताना पडला म्हटलं तर मला धरतील. मला धरू देत. पण मग तुला विचारतील, तू कुठं होतास, तू काय करत होतास." ते थांबले. "मी विचारत नाही. तूही सांगू नकोस."

मगनला वाटलं, यांना कळलंय. आणि लाज वाटावी इतकं त्याला हलकं वाटलं. सकाळी त्याने जबाब दिला: किल्ला पाहायला गेलो होतो, मी सावलीत झोपलो होतो, तो कधी पडला मला दिसलं नाही. खाली सही केली.

जळगावला परतल्यावर तोतारामभाऊंनी दुसरी गोष्ट सांगितली. प्रोग्रॅमच्या फायलींत हिलाल रोज काय केलं ते तारीखवार लिहून ठेवी. सव्वीस तारखेच्या नोंदीही लॅपटॉपवर होत्या, किल्ल्यावर बसून लिहिलेल्या. त्या काढायच्या. आणि त्या काढल्या की आधीच्याही काढलेल्या बऱ्या, नाहीतर कोणी विचारेल हा माणूस कोण. मगनने एका दुपारी बसून हिलालचं नाव शोधून शोधून पुसलं. एकशे चाळीस ठिकाणी होतं. मग त्याच झटक्यात यारीचं आणि इतरांचंही. मुंबईला सगळं आपलंच दाखवायचं ठरलं होतं.

एक तारखेला मुंबईच्या ऑफिसात साहेब फोन घेऊन लिफ्टमध्ये शिरले. दार बंद झालं, सिग्नल गेला. चार मजले खाली जाऊन, परत वर येऊन ते बाहेर पडले तेव्हा अर्धं राहिलेलं पान त्यांच्या हातात आपोआप पुरं होत होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं. तोतारामभाऊंनी मगनच्या खांद्यावर हात ठेवला. मगन हसला. काय करणार होता?

मार्चमध्ये यारीचा मेल आला. हिलालच्या नावाने यायचे ते मेल आता मगनच उघडत असे. साध्या, जपून लिहिलेल्या इंग्रजीत मास्तराने विचारलं होतं: सात आठवडे तुझ्याकडून काही आलं नाही. तू बरा आहेस ना? सिग्नल गेल्यावर पान जपून ठेवायचं म्हणत होतास, ते जमलं का? घाई नाही. आमच्याकडे अजून बर्फ आहे.

मगनने दोन दिवस घेतले. मग लिहिलं: हिलालने नोकरी सोडली. त्याचा पत्ता आमच्याकडे नाही.

मे महिन्यात सुकदेव आबा जळगावला आले. मुलाचं सामान खोलीवर होतं ते न्यायला. एक ट्रंक, गादी, पुस्तकं. मगनने चहा केला. आबा खाटेच्या कडेला बसले, हिलालच्याच. बराच वेळ बशीतला चहा तसाच धरून होते.

"एक इचारू का?" ते म्हणाले. "त्याले काही दुख व्हतं का रे?"

"कसलं दुःख, आबा?"

मग त्यांनी अडखळत, कधी अहिराणीत कधी मगनसाठी म्हणून मराठीत, सांगितलं. गावात कोणाचाच विश्वास बसत नव्हता की हिलाल त्या किल्ल्यावरून पाय घसरून पडला. ज्याने डोळे मिटून तिथे गुरं चारली, तो दिवसाढवळ्या पडेलच कसा? लोकांनी आपापसात ठरवून टाकलं: उडी मारली. त्या सकाळी आईने लग्नाचा विषय काढला होता, हे शेजारणीने ऐकलं होतं. पोराच्या मनात दुसरी कोणी तरी असणार, आईने मामाच्या मुलीचा हट्ट धरला, पोराने जीव दिला. भिकुबाईलाही आता तेच खरं वाटत होतं. ती ताट समोर आलं की उठून जाई. भावाशी बोलणं टाकलं होतं. आणि ताईबाईला तर कोणी मागणी घालेना, असं कानावर आलं होतं. जिच्या नुसत्या नावाने पोरगा मेला, तिला घरात कोण आणणार?

"तू झोपेल व्हता," आबा म्हणाले. "तुले काय माहीत असणार. तरी इचारं."

मगनने ट्रंक उचलली. स्टँडवर आबांना सोडायला म्हणून गेला आणि बस लागली तशी त्यांच्यामागे तोही चढला. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. पारोळ्याच्या पुढे मगनने खिडकीबाहेर बघत सांगायला सुरुवात केली. फोन, सिग्नल, कांड्या, घड्याळ. आणि आपण दोनदा काय म्हणालो ते. आणि आधी खिशात काय घातलं ते.

आबांनी पुरतं ऐकलं. धुळ्याला उतरून त्यांनी सोनगीरची दोन तिकिटं काढली. घराच्या ओट्यावर ट्रंक ठेवून ते आत गेले आणि भिकुबाईला हाताला धरून बाहेर घेऊन आले. ती इतकी वाळली होती की मगनने तिला आधी ओळखलं नाही.

"जे माले सांगं, ते हिले सांग," आबा म्हणाले.

मगनने सांगितलं. भिकुबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"त्यानी उडी नही मारी?"

"नाही, माय. मी मागे सरक म्हणालो. तो फोनमध्ये बघत होता."

"तो हसत व्हता का?"

मगनला आठवावं लागलं. "काम जमत आलं होतं. खूश होता."

ती खाली बसली. मग तिने कपाळ ओट्याच्या दगडावर आपटलं, एकदा, दोनदा. आबांनी हात मध्ये घातला. ती रडत नव्हती. "चार महिने," ती म्हणत होती, "चार महिने मी त्याले शिव्या देत व्हती."

आबांनी मगनला पाणीही विचारलं नाही. "चाल," ते म्हणाले. त्यांनी त्याला शेजारच्या दारात नेलं आणि तेच सांगायला लावलं. मग पुढच्या. मग देवळाच्या पारावर बसलेल्यांना. मग तांबटांच्या गल्लीत, जिथे ठोकणारे हात थांबवून लोक ऐकत राहिले. आबा प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य बोलत: "हाऊ मना पोऱ्याना दोस्त शे, हाऊ काय म्हनस ते ऐका." कोणी मगनला शिवी दिली, कोणी तोंड फिरवलं. एका म्हाताऱ्याने पायातली वहाण काढली. आबांनी त्याला अडवलं नाही आणि मगनही हलला नाही. वहाण खांद्याला लागली. दिवस कलला तेव्हा त्याचा घसा बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं कापडण्याला गेले. मोतीलाल मामाने बहिणीला दारात पाहिलं आणि तो जागचा उठला नाही. मगनने फाटक्या आवाजात सांगितलं. मामाची बायको चौकटीला धरून उभी होती.

"ताईबाई कुठंय?" मगनने विचारलं. "तिलाही सांगतो."

"आखाजीला दिली तिला," मोतीलाल म्हणाला. "सोनगढकडे, गुजरातमध्ये. बिजवर आहे. दोन लेकरं आहेत पहिलीची. दुसरं कोणी तयार होत नव्हतं." त्याने मगनकडे पाहिलं. "महिन्याआधी आला असतास तर."

"पत्र लिहितो तिला."

"नको. आता नांदतेय ती. हे कळून तिनं काय करायचं?"

भिकुबाई ओट्यावर बसली. भावजयीने तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला. तिने तो उचलला नाही, सारलाही नाही.

मगन एकटाच फाट्यावर चालत आला. तिथे गाडीची वाट बघत उभा असताना मागून आबा आले. ऊन चढलं होतं. दोघं बाभळीच्या विरळ सावलीत उभे राहिले.

"पोलिसात जाशी?" आबांनी विचारलं.

"आज जातो. धुळ्याला उतरतो."

आबांनी मान हलवली. बस लांबून दिसायला लागल्यावर ते म्हणाले, "ते जे तुम्ही करी ऱ्हायना व्हता. ते चालनं का?"

"चाललं, आबा."

"बरं," आबा म्हणाले, आणि बस थांबायच्या आत वळून परत चालू लागले.

धुळ्याच्या ठाण्यातल्या हवालदाराने मगनचा नवा जबाब लिहून घेतला, पण प्रकरण केव्हाच बंद झालं आहे असंही सांगितलं. तोतारामभाऊंनी त्याला कामावरून काढलं नाही; नुसतं बोलणं बंद केलं, मग तोच सोडून गेला. जायच्या आधी एका दुपारी, खाली गिरणी चालू असताना, त्याने किल्ल्यावरचं ते शेवटचं ठिगळ यारीला पाठवलं. त्यावर हिलालचं नाव घातलं, तारीख घातली, आणि खाली जे घडलं ते इंग्रजीत जमेल तसं लिहिलं. यारीचं उत्तर यायच्या आत त्याने खोली सोडली होती. मुंबईच्या कंपनीने तो फोन पुढे बाजारात आणलाच नाही.